अनोळखी लेकरासाठी ठेव : सार्वजनिक नाळरक्तपेढीचा इतिहास

१. प्रास्ताविक

‘पेढी’ हा शब्द मराठीत सराफकट्ट्यावरून रुग्णालयापर्यंत पोहोचला आहे. सराफाच्या पेढीवर आपण ठेवलेली ठेव आपल्यालाच परत मिळते. रक्तपेढीत तसे होत नाही. तिथे एकाने दिलेले दुसऱ्याच्या कामी येते, आणि देणाऱ्याला ते कोणाला गेले हे बहुधा कधीच कळत नाही. नाळरक्तपेढी म्हटले की हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. खाजगी नाळरक्तपेढी पहिल्या अर्थाने चालते, सार्वजनिक पेढी दुसऱ्या अर्थाने. या टिपणात आपण दुसऱ्या प्रकारच्या पेढीचा इतिहास पाहणार आहोत.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात औद्योगिक व्यवस्थापनाचे विषय शिकवतो. त्यामुळे या इतिहासाकडे मी साठा, दर्जा आणि खर्च या तीन बाजूंनी पाहणार आहे. वैद्यकाची जेवढी माहिती लागेल तेवढी ओघात येईल. टिपण वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा : जी वस्तू बहुतेक वेळा कधीच वापरली जाणार नाही, पण ज्या एका रुग्णाला लागेल त्याला तिच्याशिवाय पर्याय नसेल, अशा वस्तूंचे कोठार कोणी बांधायचे आणि कोणाच्या पैशाने चालवायचे?

२. फेकून दिल्या जाणाऱ्या वारेतील रक्त

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींना रक्ताच्या मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया अशा आजारांत रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी किंवा किरणांनी नष्ट करून दुसऱ्या व्यक्तीच्या निरोगी मूलपेशी सोडणे, याला मज्जा प्रत्यारोपण म्हणतात. अमेरिकेतील डॉनल थॉमस यांना या कामासाठी १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

अडचण दात्याची होती. पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची ओळखचिन्हे असतात. दाता आणि रुग्ण यांची चिन्हे जुळली नाहीत, तर रुग्णाचे शरीर नव्या पेशी नाकारते किंवा नव्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. भावंड नसेल किंवा जुळत नसेल, तर अनोळखी माणसांत शोध घ्यावा लागतो. त्यासाठी ब्रिटनमध्ये १९७४ पासून अँथनी नोलन नोंदवही आणि अमेरिकेत १९८६ पासून राष्ट्रीय मज्जादाता कार्यक्रम सुरू झाला. परंतु नोंदवहीतले नाव म्हणजे दाता नव्हे. त्याचा पत्ता शोधायचा, तो तयार आहे का ते विचारायचे, पुन्हा तपासण्या करायच्या, यात महिने जात. तोपर्यंत ल्युकेमियाचा रुग्ण वाट पाहू शकेलच असे नसे.

प्रसूतीनंतर बाळाची नाळ कापली की वार आणि तिच्यात उरलेले रक्त कचऱ्यात जात असे. १९७४ मध्ये डेन्मार्कमधील क्नुडत्सोन यांनी या रक्तात रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी असल्याचे दाखवले. त्याच्याही आधी अमेरिकेत एंडे बंधूंनी एका मुलाला अनेक नाळांचे रक्त देऊन पाहिले होते आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्धही केले होते. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

चित्र बदलले १९८८ मध्ये. उत्तर कॅरोलायनातील एका पाच वर्षांच्या मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता. आई पुन्हा गर्भवती होती. गर्भातील बाळाला तो आजार नाही आणि त्याची चिन्हे भावाशी जुळतात, हे जन्माआधीच्या तपासणीतून कळले होते. बहिणीच्या जन्माच्या वेळी नाळेतील रक्त गोळा करण्यात आले, इंडियानापोलिस येथे हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवले गेले आणि गोठलेल्याच अवस्थेत विमानाने पॅरिसला नेले गेले. तिथे सेंट लुई रुग्णालयात ऑक्टोबर १९८८ मध्ये एलियान ग्लुकमन यांनी ते मुलाला दिले. पेशी रुजल्या आणि मुलगा बरा झाला. १९८९ मध्ये या प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध झाले.

या घटनेने एकाच वेळी तीन गोष्टी सिद्ध केल्या. नाळेतील थोडेसे रक्त संपूर्ण मज्जा नव्याने उभी करू शकते. ते गोठवून ठेवता येते. आणि एका ठिकाणी गोळा करून, दुसऱ्या ठिकाणी साठवून, तिसऱ्या ठिकाणी वापरता येते. पेढीची कल्पना या तिसऱ्या मुद्द्यात दडलेली आहे.

३. न्यूयॉर्कची पहिली पेढी

पॅरिसमधील रक्त सख्ख्या बहिणीचे होते. अनोळखी बाळाचे रक्त चालेल का? आणि चालत असेल तर मागणी येण्याआधीच ते साठवून का ठेवू नये? न्यूयॉर्क ब्लड सेंटरमधील पाब्लो रुबिनस्टाइन यांनी हा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस तिथे जगातील पहिली सार्वजनिक नाळरक्तपेढी उभी राहिली. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात जोआन कुर्ट्झबर्ग यांनी या पेढीतील रक्त रक्ताचे नाते नसलेल्या मुलाला दिले. त्याच सुमारास इटलीत मिलान येथे आणि जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे पेढ्या सुरू झाल्या. १९९६ मध्ये लंडनमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची पेढी निघाली.

सुरुवातीच्या या पेढ्यांचे अर्थकारण नीट पाहावे. सगळ्या सरकारी अनुदानावर, सार्वजनिक आरोग्यसेवेच्या पैशावर किंवा धर्मादाय निधीवर उभ्या होत्या. आईकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि तिला द्यायचेही नाहीत, हे त्यांचे पायाभूत सूत्र होते. पिशवी दान केली की ती आईची राहत नाही. जगात कुठेही ज्याच्याशी जुळेल त्याला ती मिळते. म्हणून दात्याची आणि रुग्णाची ओळख एकमेकांपासून गुप्त ठेवावी लागते.

संमतीचा प्रश्नही तेव्हाच पुढे आला. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला वार आधी हाती घेऊन, रक्त काढून, आईची परवानगी नंतर विचारली जात असे. तर्क असा की वार तर टाकूनच दिली जाणार होती. पुढे हा क्रम बदलण्याचा आग्रह धरला गेला. पेढी आईच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी करते, घराण्यातील आनुवंशिक आजारांची चौकशी करते, आणि मिळालेली माहिती वर्षानुवर्षे जपते. एवढे सगळे होणार असेल तर प्रसूतीच्या आधी, शांतपणे, तिला समजेल अशा भाषेत विचारणे भाग आहे. कळा सुरू झालेल्या बाईपुढे कागद धरून घेतलेली सही ही संमती नव्हे, हे तत्त्व आज सर्वत्र मान्य आहे.

४. पिशवीचा प्रवास

पेढी चालवणे म्हणजे रोज नेमके काय करणे, हे समजल्याशिवाय तिचा इतिहास कळत नाही. म्हणून एका पिशवीच्या मागे जाऊ.

बाळ जन्मते, नाळेला चिमटा लावून ती कापली जाते. वार अजून गर्भाशयात असतानाच, किंवा ती बाहेर आल्यावर शेजारच्या खोलीत, नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवले जाते. पिशवीत रक्त गोठू न देणारे सायट्रेटयुक्त द्रावण आधीच भरलेले असते. दुसऱ्या पद्धतीत पेढीचा स्वतःचा प्रशिक्षित माणूस लागतो, म्हणजे पगार वाढतो. पण प्रसूतिगृहातील डॉक्टर आणि परिचारिकांचे लक्ष आई आणि बाळावरून ढळत नाही. पहिल्या पद्धतीत पगार वाचतो, पण ज्यांचे हात आधीच भरलेले आहेत त्यांच्यावर काम पडते. न्यूयॉर्कच्या पेढीने दुसरी पद्धत निवडली होती.

रक्त साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास मिळते, अनेकदा त्याहून बरेच कमी. ते ४८ तासांच्या आत गोठले पाहिजे. प्रयोगशाळेत प्रथम वजन आणि पेशींची मोजणी होते. पेशी कमी असतील तर पिशवी तिथेच बाद होते. गोळा केलेल्या पिशव्यांतील मोठा वाटा याच टप्प्यावर गळतो.

उरलेल्या पिशव्यांतून तांबड्या पेशी आणि जादा द्रव वेगळा केला जातो. १९९५ मध्ये रुबिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च मिसळले की तांबड्या पेशी खाली बसतात आणि शंभर मिलिलिटरचा ऐवज वीस मिलिलिटरमध्ये मावतो. वाचताना ही किरकोळ सुधारणा वाटेल, पण साठवणुकीच्या हिशेबात ती निर्णायक होती. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतील जागा महाग असते. आकार पाचपट कमी झाल्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पिशव्या राहू लागल्या. पेढ्या हजारोंच्या साठ्याचा विचार करू शकल्या तो यामुळे.

पेशी नुसत्या थंड केल्या तर आत बर्फाचे स्फटिक होऊन फुटतात. म्हणून डीएमएसओ हे द्रव्य मिसळून तापमान ठरावीक वेगाने, मिनिटाला सुमारे एक अंश, उतरवले जाते. शेवटी पिशवी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या नायट्रोजनमध्ये जाते. पुढे याच कामासाठी यंत्रमानव असलेल्या टाक्या आल्या. त्यांपैकी एका प्रसिद्ध टाकीत ३,६२६ पिशव्या मावतात. एक पिशवी काढताना बाकीच्यांना बाहेरची उष्ण हवा लागत नाही, हा तिचा खरा फायदा.

दरम्यान आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस वगैरेंसाठी तपासणी होते. पिशवीतील रक्तात जंतू वाढतात का, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे का, मूलपेशी जिवंत आहेत का, एचएलए कोणते, हे पाहिले जाते. पिशवीला जोडलेल्या नळीचे छोटे तुकडे सीलबंद करून तिच्यासोबतच गोठवतात. वर्षांनंतर मागणी आली की यातला एक तुकडा वितळवून, चिठ्ठीवर लिहिलेली पिशवी हीच आहे ना, याची खातरजमा करतात.

ही खातरजमा इतकी काटेकोर का? प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर चुकीची किंवा मेलेली पिशवी हाती आली तर परतीचा रस्ता नसतो. म्हणून गोठलेली पिशवी रुग्णालयात सुखरूप पोहोचल्यावरच मज्जा नष्ट करण्याचे औषध सुरू करण्याची रीत आहे. प्रौढ दात्याच्या बाबतीत ही सोय नाही. तो ऐन वेळी आजारी पडू शकतो किंवा माघार घेऊ शकतो. पेढीचे मोठे बळ इथे आहे : वस्तू तयार आहे, तपासलेली आहे, आणि तिचे मन बदलत नाही.

५. किती पिशव्या, की किती पेशी?

पहिल्या दशकात पेढ्या पिशव्यांची संख्या मोजत होत्या. १९९८ मध्ये रुबिनस्टाइन यांच्या गटाने ५६२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून स्पष्ट झाले की रुग्णाच्या वजनाच्या मानाने पेशी जितक्या जास्त, तितके रक्त लवकर आणि खात्रीने तयार होते. पेशी कमी असतील तर पांढऱ्या पेशी वाढायला आठवडे लागतात, आणि त्या काळात साध्या संसर्गानेही रुग्ण दगावू शकतो.

साधे गणित करून पाहा. किमान मात्रा म्हणून रुग्णाच्या प्रत्येक किलोमागे २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी धरल्या जातात. दहा किलोच्या बाळाला २५ कोटी पुरतात. चाळीस किलोच्या मुलाला १०० कोटी लागतात. साठ किलोच्या प्रौढाला १५० कोटी. सामान्य पिशवीत एवढ्या पेशी क्वचितच असतात. मज्जा प्रत्यारोपणात मिळणाऱ्या पेशी याच्या सुमारे दहापट असतात. म्हणूनच नाळरक्त हा दीर्घकाळ लहान मुलांचा उपचार राहिला. मिनेसोटा विद्यापीठातील डॉक्टरांनी प्रौढ रुग्णाला दोन वेगवेगळ्या बाळांच्या पिशव्या एकत्र देण्याची पद्धत रुळवली, तेव्हा प्रौढांचाही मार्ग खुला झाला. पण त्यामुळे खर्चही दुप्पट झाला.

परिणाम पेढीच्या कोठारावर झाला. डॉक्टर शोध घेताना साहजिकच जास्त पेशींची पिशवी निवडू लागले. नव्वदच्या दशकात मोठ्या कष्टाने जमवलेल्या लहान पिशव्या टाकीत राहिल्या, त्यांचा नायट्रोजनचा खर्च चालू राहिला, पण त्यांना मागणी उरली नाही. यंत्रांच्या सुट्या भागांचे कोठार सांभाळणाऱ्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. भाग खराब झालेला नाही, पण तो बसेल असे यंत्रच आता कोणी वापरत नाही.

मग सगळ्या पेढ्यांनी भरतीचा उंबरठा वाढवावा, हे उघड उत्तर वाटते. पण त्यात एक पेच आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाळांच्या नाळरक्तात सरासरी पेशी कमी आढळतात. उंबरठा वाढवला की याच समाजाच्या पिशव्या जास्त बाद होतात. आणि मज्जादात्यांच्या नोंदवहीत जुळणारा दाता सर्वांत कमी मिळतो तो याच समाजाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानुसार पूर्ण जुळणारा अनोळखी प्रौढ दाता नोंदवहीत असण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णासाठी सुमारे ७५ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांसाठी २० टक्क्यांच्याही खाली होती. नाळरक्ताला मात्र पूर्ण जुळणी लागत नाही. त्यातील रोगप्रतिकारक पेशी अननुभवी असल्याने सहांपैकी चार चिन्हे जुळली तरी चालवून घेता येते. त्याच अभ्यासात बहुतेक सर्व समाजांतील वीस वर्षांखालील रुग्णांना अशी पिशवी मिळू शकते असे दिसले. म्हणजे ज्यांना पेढीची गरज सर्वाधिक, त्यांच्याच पिशव्या दर्जाच्या चाळणीत अधिक गळतात. दर्जा आणि न्याय यांतील हा ताण पेढीच्या रोजच्या कामात आजही आहे.

आणखी एक ताण बाळाच्या बाजूने आला. नाळ कापायला थोडा वेळ थांबले तर वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि त्याला लोह मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने एक ते तीन मिनिटे थांबण्याची शिफारस केली. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या सुमारास किमान ३० ते ६० सेकंद थांबण्याचा सल्ला दिला. थांबल्यावर पिशवीत कमी रक्त येते. अशा वेळी पेढीने काय करायचे? उत्तर ठाम आहे : बाळाचा हक्क पहिला. पेढीला मिळते ते उरलेले. हे मान्य केल्यामुळे एका चांगल्या पिशवीसाठी आता अधिक वारा तपासाव्या लागतात.

६. पैसा कुठून येतो?

सार्वजनिक पेढीचा खर्च सुरुवातीला होतो आणि उत्पन्न, आलेच तर, अनेक वर्षांनी येते. गोळा केलेल्या अनेक पिशव्यांपैकी थोड्या साठवल्या जातात, आणि साठवलेल्यांपैकी अगदी थोड्या दरवर्षी बाहेर जातात. बाहेर जाणाऱ्या पिशवीवर रुग्णालयाकडून शुल्क घेतले जाते. अमेरिकेत ते ३० ते ४५ हजार डॉलरच्या घरात आहे. हा नफा वाटेल, पण त्या एका पिशवीने बाद झालेल्या आणि टाकीत पडून असलेल्या साऱ्या पिशव्यांचा भार उचलायचा असतो.

हे शुल्क वाढवत नेले तर डॉक्टर दुसरा उपाय शोधतात. कमी ठेवले तर पेढी बुडते. म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून किमान दीड लाख नव्या, दर्जेदार आणि विविध समाजांतील पिशव्या जमवण्यासाठी सरकारी मदत मंजूर केली. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने न्यूयॉर्कच्या पेढीतील नाळरक्ताला औषध म्हणून पहिला परवाना दिला. त्यात पिशवीत किमान ५० कोटी केंद्रकयुक्त पेशींची अट आहे. परवान्यामुळे दर्जा वाढला, आणि कागदपत्रे, तपासनीस व यंत्रणा यांचा खर्चही वाढला.

याच काळात दुसरी व्यवस्था फोफावली. खाजगी पेढ्या आईवडिलांकडून पैसे घेऊन त्यांच्याच बाळासाठी रक्त ठेवू लागल्या. त्यांची जाहिरात जीवनविम्याच्या भाषेत असते. शास्त्र काय सांगते? बाळाला पुढे थॅलेसेमिया निघाला तर तोच दोष त्याच्या नाळरक्तातही असतो. ल्युकेमिया झाला तर त्याची बीजे जन्माच्या वेळीच रक्तात असू शकतात. म्हणून स्वतःचे नाळरक्त स्वतःला उपयोगी पडण्याचे प्रसंग फार थोडे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये म्हटले की सार्वजनिक पेढीतील पिशव्या खाजगी पेढीतील पिशव्यांच्या सुमारे तीसपट वापरल्या जातात. घरात आधीच आजारी भावंड असेल तर मात्र नव्या बाळाचे रक्त राखून ठेवणे योग्यच असते. पॅरिसचे पहिले उदाहरण तसेच होते.

खाजगी मालकीचा दावा खुद्द कल्पनेवरही झाला होता. गोठवलेल्या नाळरक्ताच्या उपचारावर १९९१ मध्ये अमेरिकी पेटंट दिले गेले. युरोपातील डॉक्टरांनी तिथल्या पेटंटला विरोध करून ते रद्द करवले. अमेरिकेतील वाद वर्षानुवर्षे चालला आणि २००७ मध्ये तिथल्या न्यायालयाने संबंधित पेटंटे अवैध ठरवली. ती टिकली असती तर प्रत्येक सार्वजनिक पेढीला दान म्हणून मिळालेल्या रक्तावर कर भरावा लागला असता.

पेढी बंद पडली तर काय, याचा धडा जपानने दिला. इबाराकी प्रांतातील एक खाजगी पेढी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याकडील पिशव्या हातोहात विकल्या गेल्या आणि काही दवाखान्यांनी परवानगीशिवाय त्या कर्करोगापासून सौंदर्योपचारापर्यंत वापरल्या. २०१७ मध्ये अटकसत्र झाले आणि त्यानंतर कायदा कडक करण्यात आला. उलट जपानची सार्वजनिक पेढ्यांची साखळी सरकारी पाठबळावर आणि आरोग्यविम्यावर टिकून राहिली. रुग्णांचे वजन सरासरीने कमी असल्याने तिथे एका पिशवीत अनेक प्रौढांचेही भागते. आज नाळरक्त प्रत्यारोपणे सर्वाधिक होणाऱ्या देशांत जपान आहे.

७. भारतातील अनुभव

भारताची गरज मोठी आहे. दरवर्षी सुमारे दहा हजार बालके थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. आपल्याकडे शतकानुशतके जातीत, पोटजातीत, गोत-गावाच्या हिशेबाने लग्ने होत आली. त्यामुळे एचएलएचे नमुनेही समाजागणिक वेगळे पडले. युरोप-अमेरिकेच्या नोंदवह्यांत भारतीय रुग्णाला जुळणारा दाता क्वचित सापडतो, आणि सापडलेली परदेशी पिशवी आणायची तर आजच्या दराने पंचवीस ते चाळीस लाख रुपये एकट्या पिशवीचे होतात. रुग्णालयाचा खर्च त्याहून वेगळा.

ही गरज ओळखून प्रयत्न झाले. नवी मुंबईत एका मोठ्या उद्योगसमूहाच्या जीवशास्त्र कंपनीने २००० च्या दशकात नाळरक्ताचा साठा उभारला. चेन्नईत जीवन या स्वयंसेवी रक्तपेढीने त्याच दशकाच्या अखेरीस सार्वजनिक नाळरक्तपेढी सुरू केली. पण न्यूयॉर्क किंवा टोकियोसारखा सरकारी निधीचा आधार इथे नव्हता, आणि पिशवीचे शुल्क भरणारी विमाव्यवस्थाही नव्हती. परिणामी सार्वजनिक साठा तुटपुंजा राहिला आणि खाजगी पेढ्यांचे जाळे मात्र शहरोशहरी पसरले. प्रौढ दात्यांची नोंदवही उभारण्याकडेही लक्ष गेले. चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून ते काम करते.

नियमन टप्प्याटप्प्याने आले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून नाळरक्तपेढीला परवाना सक्तीचा झाला. तिची जागा, तंत्रज्ञ, तपासण्या आणि नोंदी यांचे निकष ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट सांगितले की भविष्यात स्वतःला वापरण्यासाठी नाळरक्त राखून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही खाजगी साठवणीऐवजी सार्वजनिक दानाला प्रोत्साहन द्यावे असे निवेदन काढले. अडचण अशी की दान द्यायला तयार असलेल्या आईने ते द्यायचे कुठे, याचे उत्तर बहुतेक जिल्ह्यांत नाही. काही खाजगी कंपन्यांनी ग्राहकांच्या पिशव्या एकमेकांना उपलब्ध करून देणारी सामूहिक पद्धत काढली आहे. तिच्यात अदलाबदल आहे, पण ती पैसे भरलेल्यांपुरतीच. दानाचा व्यापक अर्थ तिच्यात येत नाही.

८. उतरती मागणी आणि उरलेले काम

२००८ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी अर्धी जुळणी असलेल्या नातेवाइकाची मज्जा वापरण्याची एक सुलभ पद्धत पुढे आणली. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध देऊन हल्लेखोर पेशी आवरायच्या. आई, वडील किंवा मूल जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि त्यांच्या पेशींना पिशवीचे शुल्क पडत नाही. भारतासारख्या देशात ही पद्धत झपाट्याने रुजली. पुढच्या दशकात अमेरिका आणि युरोपातही नाळरक्ताची मागणी घटली. अनेक पेढ्यांनी नवी भरती कमी केली किंवा थांबवली.

मग हे सारे व्यर्थ गेले का? जगभर आतापर्यंत चाळीस हजारांहून अधिक नाळरक्त प्रत्यारोपणे झाली आहेत. काही चयापचयाच्या आनुवंशिक आजारांत, जिथे आईवडील स्वतः दोषाचे वाहक असतात, तिथे बालकांसाठी नाळरक्त आजही उत्तम पर्यायांत गणले जाते. २०२३ मध्ये अमेरिकेने नाळरक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या उपचाराला मान्यता दिली. कमी पेशींची जुनी अडचण यातून दूर होऊ शकते. आणि ब्रॉक्समायर यांनी वीस वर्षांहून अधिक काळ गोठलेल्या पिशव्यांतूनही कार्यक्षम मूलपेशी परत मिळवून दाखवल्या आहेत. म्हणजे चांगली पिशवी लवकर शिळी होत नाही.

साठा-व्यवस्थापनाच्या पुस्तकात न हलणारा माल म्हणजे तोटा. अग्निशमन दलाचा बंब मात्र कोणी त्या न्यायाने मोजत नाही. सार्वजनिक नाळरक्तपेढी या दोहोंच्या मधे उभी आहे. आंधळेपणाने पिशव्या जमवणारी पेढी बुडते, हे पहिल्या तीस वर्षांनी शिकवले. ज्या समाजांना कुठेच जुळणी मिळत नाही, त्यांच्या थोड्या पण भरघोस पेशींच्या पिशव्या जपायच्या आणि त्यांचा खर्च रुग्णाच्या बापाच्या खिशातून न काढता सर्वांनी मिळून उचलायचा, हे काम आपल्या देशात अजून झालेले नाही. नव्या पद्धतीमुळे अशा रुग्णांची संख्या कमी होईल. शून्य होणार नाही. त्यांच्यासाठी तयार पिशवी असावी की नसावी, हा निर्णय डॉक्टरांपेक्षा अधिक करदात्यांचा आहे.

९. स्वाध्याय

१. पंचवीस किलो वजनाच्या मुलासाठी किमान किती केंद्रकयुक्त पेशी लागतील? ८० कोटी पेशींची पिशवी जास्तीत जास्त किती वजनाच्या रुग्णाला चालेल?

२. भरतीचा उंबरठा वाढवल्याने साठ्याची उपयुक्तता वाढते आणि विविधता घटते. तुम्ही पेढीचे व्यवस्थापक असाल तर एकच उंबरठा ठेवाल की समाजानुसार वेगळा? कारणे द्या.

३. पिशवीमागील शुल्क, सरकारी अनुदान आणि आरोग्यविमा यांपैकी कोणत्या मिश्रणावर भारतातील सार्वजनिक पेढी टिकू शकेल? अमेरिका आणि जपान यांच्या अनुभवाच्या आधारे मांडणी करा.

४. तुमच्या ओळखीतील गर्भवती स्त्रीला खाजगी साठवणीची जाहिरात आली आहे. तिला निर्णय घेता यावा म्हणून तिच्या बोलीत एक पानभर माहिती लिहा. भीती घालू नका, आणि आशाही विकू नका.